तीस तारखेला जाणारं नेट

"महिनाअखेर आली की आमचं नेट जातं, आणि नऊ तारखेला आपोआप येतं," असं गुरुजी म्हणाले तेव्हा मला हसू आलं. उदगीरमध्ये मी राउटर, केबल, कॅमेरे बसवायची कामं करतो. पावसानं गेलेलं नेट पाहिलंय, उंदरानं कुरतडलेलं पाहिलंय, जेसीबीनं उखडलेलं तर दर महिन्याला पाहतो. तारखेवर चालणारं नेट मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो. पण गुरुजींनी मला चौथीला शिकवलंय, तेव्हा हसू गिळलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

घर बिदर रोडकडच्या नव्या वस्तीत. प्लॉट पाडून दहा वर्षं झाली, रस्ता अजून मुरमाचाच. फायबरची केबल मुख्य रस्त्यापर्यंत आलेली, आत वस्तीत खांब नाहीत म्हणून तिथंच थांबलेली. त्यामुळे जूनमध्ये घरच्यांनी गच्चीवर पांढरा डबा लावून मिळणारं हवेतलं नेट घेतलं. डब्याचं तोंड टॉवरकडे, तिथून वायर खाली हॉलमधल्या राउटरला. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा. महिना ८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४४. सहा महिन्यांचे ५,६६४ रुपये एकदम भरले. ९ जूनला जोडणी सुरू झाली. कंपनीचं नाव इथं घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

घरात माणसं पाच. गुरुजी आणि बाई, मुलगा, सून, नात. मुलाला मी दादा म्हणतो. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. नात बारावीला, नीटची तयारी चाललेली. लातूर पॅटर्नचा क्लास लातूरला राहून करायचा तर खोली आणि मेस आलीच, म्हणून तिनं ऑनलाइन बॅच घेतली. म्हणजे घराच्या मिळकतीचा मोठा भाग आणि पोरीचं वर्ष, दोन्ही त्या गच्चीवरच्या डब्याला टांगलेलं.

वही

गुरुजी वही ठेवतात. महावितरणच्या मीटरचं रीडिंग, टँकर कधी आला, बोअरला किती वेळ पाणी टिकलं, गॅसची टाकी कधी लावली, सगळं तारीखवार, निळ्या पेनानं. बिघाड असेल तर लाल. त्या वहीत नेटच्या लाल नोंदी अशा होत्या: ३० जून, रात्री, नेट गेले. ९ जुलै, सकाळी, आले. ३० जुलै गेले. ९ ऑगस्ट आले. २८ ऑगस्ट गेले. ९ सप्टेंबर आले. ३० सप्टेंबर गेले.

चार महिन्यांत कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला पावसाळी हवामान आहे. दुसऱ्यांदा डब्याची दिशा दोन बोटं फिरवली. तिसऱ्यांदा राउटर बदलून दिला. प्रत्येक वेळी त्याच्या मोबाइलवर सिग्नल फुल्ल दिसायचा, आणि योगायोगानं दोनदा तो आल्यानंतर एक-दोन दिवसांत नऊ तारीख उजाडली, त्यामुळे दुरुस्ती झाली असंच घरच्यांना वाटलं. त्या माणसाला दोष देत नाही. त्याला सिग्नल बघायला पाठवतात, प्लॅन बघायला नाही.

वही पाहून माझं हसू गेलं. जायची तारीख थोडी पुढंमागं होत होती, यायची तारीख एकदाही हलली नव्हती. बिघाड कधी तारीख पाहून बरा होत नाही. जे ठरल्या तारखेला परत सुरू होतं ते बिघडलेलं नसतं, कुणीतरी आवळलेलं असतं.

"गुरुजी, तुमच्या प्लॅनला लिमिट किती आहे?"

"लिमिट कसली? अनलिमिटेड आहे म्हणून तर घेतलं." आणि वहीतच घडी घालून ठेवलेली पत्रिका त्यांनी काढली. जूनमध्ये पेपरात आलेली. तांबड्या मराठी अक्षरांत 'अनलिमिटेड', आणि त्याच्या शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर मोहरीएवढी चांदणी. तळाशी इंग्रजीत एक ओळ. गुरुजींनी पंचांग वाचायचं भिंग दिलं तेव्हा ती वाचता आली: महिन्याला १००० जीबीपर्यंत पूर्ण वेग, त्यानंतर १ एमबीपीएस.

"हे इंग्रजीत का लिहिलंय रे? वरचं तर मराठीत आहे," गुरुजींनी विचारलं.

प्रश्न नेमका होता. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच लिहिलंय: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. आणि टेलिकॉम कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या ट्रायनं ब्रॉडबँडबद्दल काढलेल्या आदेशांत आणखी स्पष्ट आहे. मर्यादा किती जीबीची, मर्यादेपर्यंत वेग किती, मर्यादा ओलांडल्यावर किती, या तिन्ही गोष्टी वेबसाइटवर आणि जाहिरातीत सांगायच्या. इथं तिन्ही सांगितल्या होत्या असं कंपनी म्हणू शकते. भिंगातून दिसतातच.

हजार जीबी म्हणजे किती

मोबाइलवर दिवसाला दीड-दोन जीबी वापरणाऱ्या माणसाला हजार हा आकडा समुद्रासारखा वाटतो. मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला की संपल्याचं कळतं, रात्री बारानंतर परत मिळतो हेही पाठ असतं. घरच्या नेटला कुणी तसा हिशोब लावत नाही. पण पूर्ण १०० एमबीपीएसनं सलग डाउनलोड केलं तर १००० जीबी साधारण २२ तासांत संपतात. म्हणजे महिनाभराच्या वेगाचे पैसे घेतले, आणि तो वेग पूर्ण वापरला तर एका दिवसाचा ऐवज. अर्थात असं घरी कुणी करत नाही. ३० दिवसांत वाटले तर दिवसाला ३३ जीबी येतात. एवढे पुरतात का?

मी कागदावर मांडलं. टीव्हीवर एचडीमध्ये तासाला सुमारे ३ जीबी, मालिका आणि क्रिकेट धरून दिवसाचे चार तास, १२ झाले. नातीचे तास चार, तासाला एक जीबी, ४. दादाच्या व्हिडिओ मीटिंगा आणि फायली, ४. पाच फोनांवरचे रील, युट्यूब, फोटोंचा बॅकअप, ५. बेरीज २५. मर्यादेच्या आत. मग २१-२२ दिवसांत १००० कसे संपले? संपायला दिवसाला ४६ तरी लागतात. बाकीचे २१ कुठं गेले?

गुरुजी म्हणाले, "शेजारी वापरत असतील." शेजाऱ्यांवर संशय घ्यायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही. पासवर्ड बघितला. नातीच्या जन्मतारखेचा होता, तो बदलला. पण चोरी तिथं नव्हती.

संध्याकाळी आठला राउटर बंद करून सुरू केला आणि त्याच्या आतल्या पानावर कोणतं उपकरण किती डेटा घेतं-पाठवतं ते मोजायला लावून आलो. सकाळी आठला परत गेलो. फोन, लॅपटॉप, टीव्ही यांचे आकडे आवळलेल्या वेगात नगण्य होते, रात्रीतून त्यांना काही मिळालंच नव्हतं. वर मात्र दोन अनोळखी नावं होती, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आणि दोघांच्याही पुढं आणलेलं शून्यासारखं, पाठवलेलं भरपूर. रात्रभर कुणीतरी या घरातून बाहेर पाठवत होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "गेटवरचा आणि मागच्या अंगणातला तर नाही?"

मे महिन्यात वस्तीत दोन चोऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी दोन कॅमेरे बसवून घेतले होते. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की मेमरी कार्डाची भानगड नको, चोर कार्डच काढून नेतो, रेकॉर्डिंग थेट क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. सल्ला वाईट नव्हता. फक्त एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. एक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला १०.८ जीबी होतात. दोन कॅमेरे, २१.६. महिन्याला ६४८. रात्री तीनला अंगणातला अंधार, हलणारी कडुनिंबाची फांदी, एखादं मांजर, हे सगळं चोवीस तास हवेतून टॉवरवर जात होतं. आणि मर्यादेत डाउनलोडइतकंच अपलोडही धरलं जातं. नेट आवळेपर्यंतच हजारांतले साडेचारशेहून जास्त जीबी अंधाराच्या नावावर.

इथं माझाही एक हिशोब चुकता करायचा राहतो. चार-पाच घरी मी स्वतः असेच कॅमेरे क्लाउडवर लावून दिलेत. प्लॅनची मर्यादा विचारली नव्हती. त्याच दुपारी त्या घरांना फोन केले. एकानं सांगितलं, "हो, आमचं पण शेवटी शेवटी चिकटतंय."

१ एमबीपीएस, पण कुणासाठी?

या प्रकरणातली खरी मेख पुढं आहे. ३० तारखेनंतर नेट 'जातं' असं घरचे म्हणत होते. कंपनीच्या कागदाप्रमाणे ते जात नव्हतं, १ एमबीपीएसवर येत होतं. १ एमबीपीएसवर टीव्ही चालणार नाही, पण व्हॉट्सॲप चालायला हवं, नोट्सची फाइल यायला हवी. नातीला तेही जमत नव्हतं. ती गच्चीवर जाऊन मोबाइलच्या डेटावर तास बघायची आणि टेस्ट सिरीजचा पेपर मध्येच अडकला की रडायची. दादा तर प्रत्येक महिन्याचे ते नऊ-दहा दिवस लॅपटॉप घेऊन लातूरला मित्राकडे जाऊन राहिला. एसटीचं भाडं, बाहेरचं जेवण, जादा डेटाची पॅक, हे कुठल्याही बिलात दिसत नाही.

मी स्पीड बघितला: ०.०८ एमबीपीएस. मग वहिनींना सांगून दोन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढले, पाच मिनिटं थांबलो आणि परत बघितला: ०.९६. नात धावत आली, "काका, बायोच्या नोट्स आल्या!" सहा एमबीची फाइल मिनिटाच्या आत उतरली होती.

झालं होतं असं. कॅमेऱ्यांना २ मेगाबिट पाठवायचे असत आणि रस्ता उरलेला १ मेगाबिटचा. ते दोघे मिळून सगळा रस्ता अडवून बसत. डाउनलोड करतानाही आपल्या फोनला 'मिळालं, पुढचं पाठव' असं सतत वर कळवावं लागतं, ती पोचच अडकली की खाली येणारंही थांबतं. एकेरी पुलावर उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या लागाव्यात तसं. म्हणजे कंपनी सांगत होती ते खरं होतं आणि घरचे सांगत होते तेही खरं होतं.

आकड्याचं म्हणाल तर ट्रायनं २०१६ मध्ये आदेश दिला की मर्यादा ओलांडल्यावरही घरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या खाली नेऊ नये. तेव्हा सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजेच किमान ५१२ केबीपीएस होतं. जानेवारी २०२३ मध्ये व्याख्या बदलून किमान २ एमबीपीएस झाली. गुरुजींना मिळणारा १ एमबीपीएस २०१६ च्या किमान वेगाच्या वर बसतो आणि २०२३ च्या व्याख्येच्या खाली. मर्यादेनंतरचे दहा दिवस त्यांनी ब्रॉडबँडचे पैसे भरून जे वापरलं त्याला सरकारी भाषेत ब्रॉडबँड म्हणत नाहीत.

मर्यादा मुळात असावीच का, यावर माझं मत घरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. हवेतल्या नेटला टॉवरची क्षमता वाटून घ्यावी लागते. त्याच टॉवरवर वस्तीतले मोबाइलही असतात. एकानं बेसुमार ओढलं तर बाकीच्यांची कोंडी होते, हे मी रोज बघतो. फायबरच्या 'अनलिमिटेड' प्लॅनांतही मोठ्या कंपन्यांची महिना ३३०० जीबीची मर्यादा सर्रास असते, फक्त घरगुती वापरात तिथवर क्वचितच कुणी पोचतं. पण गर्दी होते रात्री आठ ते अकरा. पहाटे तीनचा एक जीबी आणि रात्री नऊचा एक जीबी महिन्याच्या मर्यादेत एकाच भावानं मोजला जातो. गर्दीवर उपाय म्हणून मर्यादा आहे असं सांगायचं आणि मोजायचं मात्र सरसकट, हे मला पटत नाही. अमेरिकेत कॉमकास्टसारखी कंपनी १.२ टीबीनंतर, म्हणजे १२०० जीबीनंतर, वेग न तोडता दर ५० जीबीला १० डॉलर बिलात चढवायची, आणि २०२४ मध्ये तिथल्या ट्रायसारख्या एफसीसी या नियामकानं या मर्यादांची चौकशी सुरू केली. आपल्याकडे बिल वाढत नाही, वेग मरतो. बिल वाढलं असतं तर गुरुजींना पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

कळवलं होतं, पण कुणाला?

वापर ठरावीक टप्प्यांवर पोचला की ग्राहकाला कळवायचं, असंही ट्रायचं म्हणणं आहे. कंपनीनं कळवलं नव्हतं का? कळवलं होतं. जोडणी घेताना एजंटनं दादाच्या जुन्या ओळखपत्रावरून फॉर्म भरला आणि त्यावरचा जुना नंबर टाकला. ते सिम दादाच्या आधीच्या कंपनीचं, नोकरी बदलल्यावर बंद झालेलं. चार महिने सगळे मेसेज त्या मेलेल्या नंबरवर जात राहिले. कंपनीच्या ॲपवर वापर दिसतो, पण ॲप उघडायला ओटीपी लागतो, आणि ओटीपीही तिथंच.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आपण इकडं पाणी तांब्यानं मोजून वापरलं. त्रास झाला, पण फसल्यासारखं कधी वाटलं नाही. टाकीत डोकावलं की कळायचं किती उरलंय. लाइटचं मीटर माझ्या भिंतीवर आहे. याचं मीटर कुठंय?"

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सलते. १००० जीबी कमी की जास्त यावर वाद घालता येईल. विकणाऱ्याच्याच घरात मीटर आणि त्याची किल्ली बंद सिमला, यावर काय वाद घालणार?

तक्रार

उपाय सोपा निघाला. दोन्ही कॅमेऱ्यांत १२८ जीबीची कार्डं टाकली, सगळं रेकॉर्डिंग त्यावर. एका कार्डावर साधारण अकरा दिवसांचं मावतं, मग जुनं पुसून नवं चढतं. क्लाउडवर आता फक्त काही हललं तर तेवढाच तुकडा जातो. कडुनिंबाची फांदी टिपू नये म्हणून चौकटीचा तो कोपरा वगळला. वापर दिवसाला २७-२८ वर आला, ९ नोव्हेंबरपर्यंत नेट एकदाही आवळलं नाही.

पण गुरुजींना मागच्या चार महिन्यांचा हिशोब हवा होता. त्यासाठी आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद केली आणि डॉकेट नंबर घेतला. हा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. दोन दिवसांत तक्रार बंद झाली, 'ग्राहकाचे समाधान झाले' असा शेरा मारून. समाधान कुणी विचारलं नव्हतं. मग ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील केलं. मुदत ३० दिवस, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. पुष्कळ लोक थेट ट्रायला मेल करतात. ट्राय नियम करतं, एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही.

अपिलात गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात दोन पानं लिहिली, वहीच्या पानांचे फोटो जोडले, पत्रिकेचा फोटो जोडला आणि शेजारी मोजपट्टी ठेवून अक्षराची उंची दाखवली. ही मोजपट्टीची कल्पना त्यांचीच. कंपनीचं उत्तर आलं: अटी फॉर्मच्या चौथ्या पानावर आहेत, सही आहे, सूचना नोंदणीकृत नंबरवर पाठवल्या आहेत, परतावा देता येत नाही. नंबर बदलून दिला आहे. सद्भावना म्हणून मुदत दहा दिवस वाढवली आहे.

"काहीच चुकलं नाही तर दहा दिवस कशाचे?" गुरुजी म्हणाले.

आता उरतो ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात ती शंका मिटवली. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लातूरलाच, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. केस टिकेल का? मराठी दावा आणि इंग्रजी खुलासा हा मुद्दा मजबूत आहे. नंबरचा मुद्दा दोन्हीकडून ओढता येईल, कारण फॉर्मवर खाली सही दादाची आहे आणि त्यानं तो वाचला नव्हता. कॅमेऱ्यांचा दोष कंपनीवर ढकलता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नये असं मी गुरुजींना सांगितलं. कागद तयार आहेत. वहिनींचं म्हणणं, पोरीची नीटची परीक्षा होईपर्यंत घरात कोर्टाचा विषय नको.

मागच्या आठवड्यात वस्तीत खांब आले. फायबरचा पोरगा पत्रिका घेऊन गुरुजींच्या ओसरीवर बसला होता, मीही होतो. 'अनलिमिटेड'वर त्याच्याही पत्रिकेत चांदणी होती. गुरुजींनी चष्मा वर केला, लाल पेन त्याच्या हातात दिला आणि पत्रिकेची मागची कोरी बाजू पुढं केली. "किती जीबी, त्यानंतर किती वेग आणि मेसेज कुठल्या नंबरवर येणार, ते मराठीत लिही बाळा. खाली सही कर." पोरानं माझ्याकडे बघितलं. मग लिहायला घेतलं. ३३०० लिहिताना एक शून्य राहिलं होतं, ते गुरुजींनी दाखवून दिलं.